कुरुंदकरांचा प्रश्न आणि आपला सिनॉप्सिस

‘मुस्लिम समाज आणि स्वयंसेवी संस्था’ हा विषय पीएचडीसाठी घ्यायचा असं ठरवलंत, की पुढचा सिनॉप्सिस जवळपास आपोआप लिहून होतो. पहिल्या प्रकरणात सच्चर समिती, दुसऱ्यात हमीद दलवाई आणि मुस्लिम सत्यशोधक मंडळ, तिसऱ्यात तीन तलाक, चौथ्यात प्रश्नावलीचं विश्लेषण, आणि शेवटी शिफारशी : समाजात प्रबोधनाची नितांत गरज आहे. गृहीतकही ठरलेलं असतं : ‘मुस्लिम समाजात सुधारणावादी संस्थांचे प्रमाण अल्प आहे.’ हे गृहीतक सिद्ध होणारच, कारण ‘सुधारणावादी’ कोणाला म्हणायचं हे आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं.

हा साचा कुठून आला, त्यात बळ कुठे आहे आणि तो कुठे फसवतो, हे या लेखात बघू. साचा फुटकळ माणसांनी घडवलेला नाही, म्हणून टीका जरा जपून करावी लागेल. त्याच्या मागे दोन मोठे लेखक आहेत. दोघंही 1932 साली जन्मले. एक चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई. दुसरे नरहर कुरुंदकर, ज्यांचं आडनावच त्यांच्या मूळ गावावरून आलं आहे : कुरुंदा, तालुका वसमत. तेव्हा हा भाग परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा झाला 1999 मध्ये. मराठीत मुस्लिम राजकारणावर विचार करणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी आजही या दोघांच्या वाक्यांतूनच विचार करतो, मग त्याने त्यांना वाचलेलं असो वा नसो.

आधी कुरुंदकर. ‘जागर’ 1969 चं, ‘शिवरात्र’ त्याच्या पुढच्या वर्षीचं. या काळातल्या त्यांच्या लेखनाचा गाभा, माझ्या वाचनाप्रमाणे, साधारण असा : मुसलमानांचं राजकारण फक्त गरिबीने किंवा इंग्रजांच्या ‘फोडा आणि झोडा’ने समजत नाही. त्यामागे एक विचार आहे, आणि विचाराला विचार म्हणूनच तोंड द्यावं लागतं. धार्मिक असणं आणि जातीयवादी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीना फारसे धार्मिक नव्हते, आझाद मोठे धर्मपंडित होते. आणि सेक्युलॅरिझम म्हणजे सगळ्या धर्मांची सारखी खुशामत नव्हे. सार्वजनिक जीवनात धर्माची सत्ता मर्यादित करण्याची हिंमत राज्याकडे हवी. हीच कसोटी त्यांनी मनुस्मृतीलाही लावली आणि संघालाही. हे विसरून कुरुंदकरांची अर्धी वाक्यं व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्यांशी आपल्याला इथे काही कर्तव्य नाही.

आता प्रश्न असा विचारा : हा माणूस संघटनांकडे एवढ्या संशयाने का बघतो? उत्तर पुस्तकात कमी आणि नकाशात जास्त सापडतं. कुरुंदा निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्यात 1927 साली मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन स्थापन झाली, ती निवडणूक लढवायला नव्हे. मुसलमानांतल्या वेगवेगळ्या पंथांना एकत्र आणायचं, धार्मिक आणि सामाजिक काम करायचं, असं तिचं सुरुवातीचं रूप होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर ना-नफा संस्था. बहादूर यार जंग यांच्या काळात ती राजकीय झाली, आणि लातुरात वकिली करणाऱ्या कासिम रझवी यांच्या हातात आल्यावर तिच्यातून रझाकार उभे राहिले. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली तेव्हा कुरुंदकर सोळा वर्षांचे होते. ‘आम्ही तर फक्त समाजाचं काम करतो’ असं म्हणणारी संघटना वीस वर्षांत काय होऊ शकते, हे ज्याने किशोरवयात बघितलं, त्याने संस्थेच्या घटनेतली गोड कलमं बाजूला सारून ‘तुम्हाला शेवटी हवंय काय?’ असं विचारलं तर नवल नाही. तो प्रश्न आजही चांगला आहे. कुठल्याही संस्थेला विचारा, कुठल्याही धर्माच्या.

पण त्याच नकाशावर दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या सिनॉप्सिसमध्ये कधीच येत नाही. पोलीस कारवाईनंतर काय झालं? नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्यासह एक सदिच्छा मंडळ हैदराबाद संस्थानात पाठवलं. रझाकारांच्या अत्याचारांची नोंद त्या अहवालात आहे. शेजारच्या मुसलमानांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही आहे. आणि कारवाईच्या काळात व त्यानंतर संस्थानात किमान 27 ते 40 हजार माणसं मारली गेली असावीत, असा अंदाजही आहे. सर्वाधिक झळ पोचलेले चार जिल्हे त्यात दिलेत : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. म्हणजे कुरुंद्याचा शेजार. हा अहवाल कित्येक दशकं अभ्यासकांना सहज मिळत नव्हता. 2013 च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात वाचायला खुला झाला.

याचा स्वयंसेवी संस्थांशी काय संबंध? थेट आहे. मराठवाड्यातले मुसलमान 1948 नंतर सार्वजनिक मागणी करायला पुढे का येत नव्हते, याचं उत्तर ‘मागासलेपण’ या एका शब्दात देऊन आपण मोकळे होतो. ज्या समाजाची एकुलती एक मोठी राजकीय संघटना बंदीखाली गेली, पुढारी तुरुंगात किंवा पाकिस्तानात गेले, आणि गावोगाव माणसं मारली गेली, तो समाज दुसऱ्या वर्षी नोंदणी कार्यालयात जाऊन नवी संस्था काढेल का? संस्थेचा अभाव हा मनोवृत्तीचा पुरावा मानण्याआधी तो भीतीचा पुरावा आहे का हे तपासायला हवं. कुरुंदकरांच्या मांडणीत विचारसरणीला फार जागा आहे, भीतीला फार कमी. माझ्या मते त्यांच्या लेखनातली ही सर्वांत मोठी उणीव आहे. हैदराबादच्या विमोचनावर इतकं बारकाईने लिहिणाऱ्या लेखकाकडे ती असावी, याची चुटपुट लागते.

आता दलवाईंकडे येऊ. 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन त्यांनी विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक, बहुपत्नीत्व बंद करा, समान नागरी कायदा आणा, अशा मागण्या होत्या. 22 मार्च 1970 ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. सात हा आकडा सगळे लेखक सांगतात, पण त्याचा अर्थ प्रत्येकजण आपल्या सोयीने लावतो : कौतुक करणारा म्हणतो ‘फक्त सात, तरी किती धैर्य’, विरोधक म्हणतो ‘फक्त सात, म्हणजे समाजाचा पाठिंबा नाही’. संशोधक म्हणून तुम्ही तिसरं काही विचारायला हवं. त्या सातजणी कुठून आल्या, त्यांना कोणी आणलं, मोर्चानंतर त्या घरी गेल्यावर काय झालं? मोर्चाची संख्या म्हणजे मताची संख्या नव्हे. मोर्चाला जाण्याची किंमत किती होती, त्याचंही ते माप असतं.

मराठी शीर्षकांत एक गंमत दडली आहे, ती इथेच सांगून टाकतो. दलवाईंच्या पुस्तकाचं नाव ‘मुस्लिम जातीयतेचे स्वरूप : कारणे आणि उपाय’. त्या पिढीच्या मराठीत ‘जातीयता’ म्हणजे ज्याला आपण आज जमातवाद म्हणतो ते. नव्या विद्यार्थ्याला वाटतं की पुस्तक मुसलमानांतल्या जातींवर असेल. तसं ते नाही. आणि नेमकं हेच न सापडणं महत्त्वाचं आहे, त्यावर पुढे येतो.

मंडळाच्या बरोबरीने दुसरी एक संस्था त्याच काळात जन्मली. डिसेंबर 1972 मध्ये मुंबईत मुस्लिम पर्सनल लॉच्या रक्षणासाठी मोठं अधिवेशन झालं आणि 1973 मध्ये हैदराबादला ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड रीतसर स्थापन झालं. आता व्याख्या लावून बघा. दोन्ही सरकारी नाहीत. दोन्ही नफ्यासाठी नाहीत. दोन्ही निवडणूक लढवत नाहीत. दोन्ही कायद्याबाबत सरकारकडे मागणी करतात. एक म्हणते बदला, दुसरी म्हणते हात लावू नका. पाठ्यपुस्तकातली ‘नागरी समाज’ आणि ‘जनवकिली’ची कुठलीही व्याख्या घ्या, दोन्ही तिच्यात बसतात. तरी आपल्या प्रबंधांत मंडळ ‘समाजसुधारणा’ या प्रकरणात येतं आणि बोर्ड ‘राजकारण’ या प्रकरणात. ही वर्गवारी निरीक्षणातून आलेली नाही. ती आपल्या पसंतीतून आली आहे. माझी पसंतीही मंडळाकडेच आहे, हे सांगायला संकोच नाही. पण पसंती ही वर्गवारी म्हणून वापरली की अभ्यास तिथेच थांबतो. कारण मग 1985-86 मध्ये काय घडलं हे समजावून सांगता येत नाही. शाहबानो निकाल एप्रिल 1985 चा. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी कोल्हापुरातून तलाक मुक्ती मोर्चा काढला, महाराष्ट्रभर फिरवला, ठिकठिकाणी विरोध सोसला. आणि पुढच्याच वर्षी संसदेने बोर्डाला हवा तसा कायदा केला. जनवकिलीचं कौशल्य मोजायचं तर त्या वर्षी बोर्ड देशातल्या सर्वांत यशस्वी संस्थांपैकी एक होतं. हे कसं झालं, पैसा कुठून, पत्रं कोणी लिहिली, खासदारांना कोण भेटलं, सभा कशा भरवल्या, यावर मराठीत नीट काम व्हायला हवं. प्रतिगामी संस्थेचा अभ्यास करणं म्हणजे तिची भलामण नव्हे.

आता सिद्धांताकडे, कारण गाईड ‘थिअरेटिकल फ्रेमवर्क कुठाय?’ विचारणारच. बहुतेक जण आशुतोष वार्ष्णेय यांचं 2002 चं ‘एथनिक कॉन्फ्लिक्ट अँड सिव्हिक लाइफ’ घेतात, आणि घ्यावंच. अलीगढ–कालिकत, हैदराबाद–लखनौ, अहमदाबाद–सुरत अशा शहरांच्या जोड्या लावून ते म्हणतात : जिथे हिंदू-मुसलमान एकाच संघटनेत, एकाच व्यापारी मंडळात, एकाच युनियनमध्ये असतात तिथे दंगल पसरत नाही. एका धर्मापुरत्या संस्था मात्र शांतता राखायला उपयोगी पडत नाहीत, उलटही होऊ शकतं. मांडणी देखणी आहे. पण विद्यार्थी तिचं काय करतात बघा. तो सिद्धांत दंगलीबद्दल आहे. आपण तो सगळ्या संस्थाजीवनाला लावतो आणि मुसलमानांनी मुसलमानांसाठी काढलेली प्रत्येक संस्था आपोआप संशयास्पद ठरवतो. मुलींसाठी वसतिगृह चालवणारी अंजुमन दंगल थांबवते का, हा तिच्याबद्दल विचारण्यासारखा पहिला प्रश्न आहे का?

दुसरं, त्याच पुस्तकातला एक आकडा कुरुंद्यासारख्या ठिकाणी फार मोलाचा आहे : 1950 ते 1995 या काळात दंगलींतल्या मृत्यूंपैकी खेड्यांत झालेले चार टक्क्यांहूनही कमी. वार्ष्णेय यांचं स्पष्टीकरण असं की गावात रोजचा चेहऱ्याचा संबंध पुरतो, औपचारिक संस्था लागत नाही. बाजार, शेत, हळदीचा सौदा, लग्नात एकमेकांकडे जाणं. पण सुंदरलाल अहवाल समोर ठेवा. 1948 मध्ये मराठवाड्यातली माणसं मारली गेली ती खेड्यांतसुद्धा, रोजचा चेहऱ्याचा संबंध असलेल्यांच्याच डोळ्यांसमोर. वार्ष्णेयांची मोजणी 1950 ला सुरू होते. दोन वर्षं आधी सुरू झाली असती तर निदान आपल्या भागाबाबत तो निष्कर्ष इतक्या ठामपणे लिहिता आला नसता. परदेशात गाजलेला सिद्धांत आपल्या तालुक्याच्या दगडावर घासून बघायचा तो असा.

गावात ‘एनजीओ’ शोधायला गेलात तर रिकाम्या हाताने परत याल. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर शब्द टाकून यादी काढणं हे क्षेत्रकाम नाही. तिथे जे आहे त्याची नावं वेगळी आहेत : अंजुमन, जमात, बैतुलमाल, मस्जिद कमिटी, कब्रस्तान कमिटी, उर्स कमिटी, मोहरमची सवारी बसवणारे लोक. यातल्या निम्म्यांची नोंदणी नसते. पण कब्रस्तानाला भिंत मिळावी म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज कोण देतं, ग्रामसभेत कोण बोलतं, आमदार निधीसाठी कोणाच्या गाडीतून कोण जातं, शाळेत उर्दूचा शिक्षक नाही म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे कोण खेटे घालतं? हीच राजकीय जनवकिली. तिच्यात ‘सेक्युलॅरिझम’ हा शब्द नसेल. पार्थ चॅटर्जी यांनी ज्याला राजकीय समाज म्हटलंय, म्हणजे हक्काच्या पुस्तकी भाषेऐवजी गरज, ओळख आणि संख्याबळावर सरकारशी चालणारी घासाघीस, ती हीच. मात्र चॅटर्जी यांची कल्पना वापरताना एक सावधपणा ठेवा. गरिबांना हक्काची भाषा येतच नाही असं त्यातून सुचवलं जातं, आणि ते खरं नाही. दोन उदाहरणं देतो.

पहिलं मराठवाड्यातलंच. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी उभी केलेली मुस्लिम ओबीसी संघटना. मुसलमानांतल्या कारागीर आणि सेवेकरी जातींना, म्हणजे जुलाहे, पिंजारी, कसाब, बागवान, अत्तार वगैरेंना, मागास म्हणून सवलती मिळाव्यात ही तिची मागणी. दिलीपकुमार या चळवळीच्या सभांना यायचे, त्यामुळे गर्दी जमायची, हेही जनवकिलीचं तंत्रच. डिसेंबर 1994 मध्ये महाराष्ट्र सरकारने शासन निर्णय काढला आणि मुस्लिम ओबीसींना जातीचे दाखले मिळण्याची वाट मोकळी झाली. इथे विरोध कोणाकडून आला? ‘इस्लाममध्ये जात नाही’ म्हणणाऱ्यांकडून. मघाशी म्हटलं ती गोष्ट ही. दलवाईंच्या शीर्षकातल्या ‘जातीयते’त जात नव्हती, कुरुंदकरांच्या मुस्लिम राजकारणाच्या चर्चेतही ती मध्यवर्ती नाही. दोघांसाठी मुसलमान हा मुख्यतः धर्माने बांधलेला समाज. सोलापूरच्या फकरुद्दीन बेन्नूर यांनी दलवाईंच्या मांडणीवर टीका केली ती याच बाजूने : इथल्या मुसलमानांची जात, भाषा, पेशा, प्रदेश बाजूला ठेवून फक्त शरियतवर बोललं तर माणूस दिसत नाही. ही टीका मला पटते. तिचा अर्थ तलाकपीडित स्त्रीचा प्रश्न दुय्यम आहे असा काढला जातो, तो मात्र पटत नाही. पिंजाऱ्याच्या घरातली बाईही तलाकपीडित असू शकते.

दुसरं उदाहरण अधिक अडचणीचं आहे, म्हणून सिनॉप्सिसमध्ये मुद्दाम घालावं असं. 2006 च्या मालेगाव बॉम्बस्फोटात नऊ मुस्लिम तरुणांना पकडलं; न्यायालयाने एप्रिल 2016 मध्ये त्यांना आरोपमुक्त केलं. जुलै 2006 च्या मुंबई लोकल स्फोटांत ज्यांना शिक्षा झाली होती, त्या 12 जणांना मुंबई उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी निर्दोष ठरवलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. या खटल्यांत आरोपींच्या वकिलांची सोय करणाऱ्यांत महत्त्वाचं नाव जमियत उलेमा-ए-हिंदच्या महाराष्ट्रातल्या कायदा विभागाचं, म्हणजे गुलजार आझमी यांचं. 1919 मध्ये स्थापन झालेली ही उलेमांची संघटना. कौटुंबिक कायद्याच्या बाबतीत ती मंडळाच्या समोरच्या बाकावर बसते. पण फौजदारी न्यायालयात ती मागते काय? पुरावा, नि:पक्ष तपास, बचावाचा हक्क. हे संविधानाचंच काम. आता तुमच्या ‘सुधारणावादी / मूलतत्त्ववादी’ तक्त्यात ती कुठल्या रकान्यात टाकणार? तोंडी परीक्षेत कोणीतरी विचारेलच, ‘ही संस्था राष्ट्रीय की जातीय?’ माझं म्हणणं एवढंच की तक्ता संस्थांचा करू नका, मागण्यांचा करा. एकच संस्था एका मागणीत उदार आणि दुसऱ्या मागणीत कर्मठ असू शकते, आणि त्यातच खरा अभ्यास आहे.

आता आकड्यांबद्दल थोडं, कारण सगळ्यांत जास्त चुका तिथेच होतात. भारतीय मुस्लिम महिला आंदोलन ही 2007 मध्ये सुरू झालेली संघटना. तिने दहा राज्यांतल्या 4,710 स्त्रियांशी बोलून 2015 मध्ये अहवाल काढला, 92.1 टक्के स्त्रियांना तोंडी तलाकवर बंदी हवी होती. हा आकडा किती प्रबंधांत ‘भारतातील 92.1 टक्के मुस्लिम महिला’ असा उतरलाय ते मोजायला बसलात तर तोच एक लेख होईल. पाहणी करणाऱ्या संघटनेला निष्कर्षात रस होता. ज्या स्त्रियांपर्यंत संघटना पोचते त्या स्त्रियांपर्यंत पाहणी पोचते. उत्तर देणाऱ्या बहुसंख्य गरीब घरांतल्या होत्या. म्हणून तो आकडा निकामी आहे का? अजिबात नाही. ‘हे पुढारलेल्या चार बायकांचं खूळ आहे’ या दाव्याला त्याने चोख उत्तर दिलं. आकडा कशाचं उत्तर आहे ते बघून वापरायचा. देशाचं प्रमाण म्हणून तो वापरता येत नाही.

यशाचं श्रेय मोजणं याहून कठीण. 1966 चा मोर्चा ते 22 ऑगस्ट 2017 चा शायरा बानो निकाल, मध्ये 51 वर्षं. मग मंडळ यशस्वी झालं का? याचिका मंडळाची नव्हती; खटल्यात महिला आंदोलन होतं, बेबाक कलेक्टिव्ह होतं, स्वतः पीडित स्त्रिया होत्या. 2019 च्या कायद्याने नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली, आणि तोंडी तलाकच्या विरोधात न्यायालयात लढलेल्या काही स्त्रीसंघटनांनी या कैदेलाच विरोध केला. नवरा आत गेला तर पोटगी कोण देणार, असा त्यांचा सरळ सवाल होता. म्हणजे मागणी मान्य झाली, पण मागणाऱ्यांनी मागितलं होतं तसं नाही. ‘परिणाम’ या प्रकरणात तुम्ही एका ओळीत ‘चळवळीला यश आले’ लिहिलंत तर हा सगळा तिढा गायब होतो. कोणती मागणी, कोणाच्या हातून, कोणत्या सरकारच्या काळात, कोणत्या रूपात कायद्यात गेली, असं पायरीपायरीने लिहावं लागतं. कुरुंदकर इथे असते तर त्यांनी नक्की विचारलं असतं की सरकारला स्त्रीचं हित हवं होतं की समाजाचा पाणउतारा. आणि मग त्यांनी हेही विचारलं असतं की सरकारचा हेतू वाईट असला म्हणून तोंडी तलाक चांगला ठरतो का. दोन्ही प्रश्न एकदम विचारायची सवय त्यांच्याकडून घ्यावी.

भाषेचाही विचार करा. मंडळाचं मुखपत्र, दलवाईंचं लेखन, मेहरुन्निसा दलवाईंचं ‘मी भरून पावले आहे’, सय्यदभाईंचं ‘दगडावरची पेरणी’, रझिया पटेल यांचं ‘चाहूल’ हे सगळं मराठीत आहे आणि वाचायलाच हवं. पण मराठीत लिहिणारा मुसलमान अनेकदा मराठी हिंदू वाचकाला समोर ठेवून लिहितो. त्याला आधी स्वतःची साक्ष काढावी लागते. मराठवाड्यातल्या घरात, जमातीच्या बैठकीत बोललं जातं दखनीत, लिहिलं जातं उर्दूत. उर्दू वाचता येत नसेल तर सहा महिने द्या आणि शिका. लिपी दिसते तेवढी अवघड नाही. नाहीतर तुमच्या प्रबंधात फक्त तेच मुसलमान बोलतील जे तुमच्याशी आधीपासून बोलत होते.

आणि कागद. राज्यशास्त्राचे विद्यार्थी मुलाखती घेतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे फिरकत नाहीत. महाराष्ट्रात संस्था 1860 च्या कायद्याखाली नोंदवली की ती 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते, आणि हे ओझं वाटत असलं तरी संशोधकाला सोन्याची खाण आहे. परिशिष्ट एकवर मूळ विश्वस्त आणि मालमत्ता असते. दरवर्षीचे हिशोब असतात, निदान असायला हवेत. वक्फ मिळकतींचा कागद मात्र वक्फ मंडळाकडे, छत्रपती संभाजीनगरला. आणि संस्थेच्या घटनेतली उद्दिष्टं वाचून भारावू नका. ती बहुधा एकमेकांची नक्कल असतात : गरिबांना मदत, शिक्षण, आरोग्य, राष्ट्रीय एकात्मता. ‘राजकीय मागणी’ हा शब्द कोणी घालत नाही, कारण धर्मादाय हेतूच्या कायद्यातल्या व्याख्येत तो बसवणं कठीण, आणि परदेशी मदत घेणारी संस्था असेल तर ‘राजकीय स्वरूपाची’ असा शिक्का बसण्याची भीती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये इन्साफ या संघटनेच्या प्रकरणात तो नियम थोडा सैल केला, हक्कांसाठी आंदोलनाला पाठिंबा दिला म्हणून संस्था राजकीय ठरत नाही असं सांगितलं. पण भीती निकालाने जात नाही. म्हणून कागदावर शैक्षणिक आणि प्रत्यक्षात वकिली करणारी संस्था हा मुस्लिम समाजाचा खास कावा नाही. तो नोंदणी कायद्याने सगळ्यांच्याच अंगी बाणवलेला शहाणपणा आहे.

त्या कार्यालयात मला सर्वांत बोलका वाटतो तो बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. विश्वस्त मेला, हटवला, राजीनामा दिला, नवा आला, की हा अर्ज. त्यावर हरकती येतात, जबाब होतात, सभेची इतिवृत्तं जोडली जातात, कधी दोन गट दोन वेगळी इतिवृत्तं जोडतात. पहिल्यांदा एखाद्या बाईचं नाव विश्वस्त म्हणून कधी आलं, बागवान किंवा पिंजारी आडनाव कार्यकारिणीत कोणत्या वर्षी शिरलं, मौलवींच्या जागी शिक्षक कधी आले, हे कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा तिथे स्वच्छ दिसतं. अर्ज करा, नक्कल फी भरा, माहिती अधिकार शेवटी वापरा, आधी कारकुनाशी नीट बोला. दुपारच्या जेवणानंतर गेलात तर फाइल सापडायची शक्यता जरा जास्त असते. वसमत तालुक्यातल्या संस्थांपासून सुरुवात केलीत तर 1999 च्या आधीचे कागद हिंगोलीत नसून परभणीकडे असू शकतात, तेव्हा प्रवासाचा खर्च आराखड्यात आधीच धरून ठेवा.